दवणा, माती आणि हिना: एकच अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळे का भासते?

ओवरी
नमस्कार. यंदा फाल्गुनात मुंबईला गेले असताना मोहम्मद अली रोडवरच्या एका जुन्या अत्तरवाल्यांकडून मी अर्धा तोळा अत्तर मिसळून घेतले. दवणा सर्वांत जास्त, त्याखालोखाल मातीचे अत्तर आणि अगदी थोडा हिना शमामा (मसाले आणि वनस्पतींचे अत्तर), हे प्रमाण मीच सांगितले होते. काचेच्या काडीने त्यांनी माझ्या पालथ्या हातावर ठिपका लावला, तेव्हा आधी लवंग-वेलदोड्याची झणझणीत लहर आली, मग वाळवलेल्या जर्दाळूसारखा गोडवा आला आणि शेवटी वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातून येतो तसा मातकट वास मागे राहिला. कुपीला बूच लावताना त्यांनी एवढेच बजावले, की यात दवणा आहे, तेव्हा जितकी माणसे तितके वास. हे दुकानदारी बोलणे आहे असे समजून मी ते हसण्यावारी नेले.

पाडव्याच्या दुपारी जेवणे झाल्यावर सहज म्हणून मी ते घरातल्या सर्वांच्या मनगटांना लावले आणि मग मात्र हसू थांबले. माझ्या मनगटावर मसाला दहा मिनिटे टिकला, फळ जवळजवळ जाणवलेच नाही आणि दोन तासांत सगळेच संपले. माझ्या यजमानांनी स्वतःचे मनगट हुंगून "बरका फणस फोडला आहे का?" असे विचारले, आणि त्यांच्या उशीला दुसऱ्या दिवशी सकाळीही वास येत होता. माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना तो देवाला वाहिलेल्या दवण्याचा वास वाटला. क्रिकेट खेळून आलेल्या १६ वर्षांच्या मुलाने उकडलेल्या बीटाचा वास येतो म्हणून हात धुऊन टाकला. नणंदेने नाक मुरडले आणि दाताच्या डॉक्टरांच्या खोलीची आठवण येते असे सांगितले.

कुपी एक, काडी एक, दिवस एक. आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला आहे का, आणि हे नेमके कशामुळे होत असावे?

वाळ्याचा पडदा
ओवरीताई, विषय फार आवडला. अत्तरवाल्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या पदरची नव्हे. दवण्याच्या तेलाची ही ख्याती सुगंधांच्या व्यवसायात जगभर आहे आणि परदेशी मिश्रणांत ते वापरताना प्रत्येकाच्या त्वचेवर ते निराळे खुलते असे आवर्जून सांगितले जाते. हे झाड मात्र आपले आहे. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र आणि थोड्या प्रमाणात महाराष्ट्र, एवढ्याच पट्ट्यात त्याची शेती होते. थंडीच्या सुरुवातीस पेरायचे, फुलोरा आला की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कापायचे आणि किंचित सुकवून वाफेवर तेल काढायचे, असा त्याचा क्रम असतो. म्हणूनच चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहिला जातो, कारण तेव्हाच तो हाती आलेला असतो.

माझ्यापुरते सांगायचे, तर नुसता दवणा माझ्या मनगटावर पहिल्या अर्ध्या तासात मुरलेल्या मनुकांसारखा, काहीसा मद्यासारखाच येतो. माझ्या बहिणीच्या हातावर मात्र तोच वास वाळलेल्या गवताचा आणि चहापत्तीचा होतो. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आहोत, एकाच घरात वाढलो आणि एकच साबण वापरतो. त्यामुळे हा त्वचेच्या आम्लतेचा, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात त्याचा, प्रभाव असावा असे मला वाटते.

तराजू
पीएचचे कारण सगळीकडे सांगितले जाते आणि मला ते फारसे पटत नाही. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ या मर्यादेत असतो, आणि माणसामाणसांतल्या एवढ्याशा फरकाने अत्तरातले बहुसंख्य रेणू काही तासांत बदलून जातील असे मानायला जागा नाही. दवण्याचा मुख्य घटक डॅव्हॅनोन घ्या, लवंगेतला युजेनॉल घ्या किंवा चंदनातला सँटॅलॉल घ्या. मनगटावर ते आहेत तसेच राहतात. बदलतो तो त्यांचा उडून जाण्याचा वेग.

वेलदोड्यातला सिनिओल सुमारे १७६ अंशांना उकळतो, युजेनॉल २५४ अंशांना आणि सँटॅलॉल त्याहूनही पुष्कळ वर. मनगटाची त्वचा ३२-३३ अंशांची असते, म्हणजे तिथे काही उकळत नाही, पण कोण आधी उडणार आणि कोण रेंगाळणार याचा क्रम हाच राहतो. त्वचा गरम असेल तर हा सगळा प्रवास भराभर होतो. ती तेलकट असेल तर त्या तेलात सुगंधी रेणू विरघळून अडकून बसतात आणि हळूहळू सुटतात. कोरड्या त्वचेवर त्यांना धरून ठेवायला काहीच नसते. ओवरीताई आणि त्यांचे यजमान यांच्यातला फरक मला एवढ्यावरून समजतो.

मात्र मुलाचे बीट आणि नणंदबाईंचा दंतवैद्य यांचा उलगडा त्वचेने होत नाही, तो नाकाने होतो. बीटाचा मातकट वास जिओस्मिन नावाच्या रेणूचा असतो. पाऊस पडल्यावर मातीतूनही तोच येतो आणि माणसाच्या नाकाला तो हवेत नगण्य प्रमाणात असला तरी कळतो. मातीच्या अत्तराने आपल्या चिरंजीवांना बीट आठवले यात त्यांची चूक काहीच नाही. दाताच्या दवाखान्यातला वास तर साक्षात लवंगेचा आहे, कारण तात्पुरत्या भरणीत झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉलच वापरतात.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणसांची नाके मुळातच सारखी नसतात. व्हायोलेटच्या फुलांत आणि रासबेरीत असणारा बीटा-आयोनोन हा रेणू काहींना सुरेख फुलासारखा येतो, तर काहींना तो आंबट व्हिनेगरसारखा लागतो किंवा फार मोठ्या प्रमाणात असल्याशिवाय कळतच नाही. आणि हा फरक ओआर५ए१ या एका जनुकाशी जोडलेला आढळला आहे. काही कस्तुरीसदृश रेणूंच्या बाबतीतही असेच होते. एकाच मनगटाभोवती चार माणसे उभी राहिली तरी ती चार वेगळे वास घेत असतात.

तेव्हा आपल्या पाडव्याच्या प्रयोगात एक मोठी खोट राहून गेली आहे. प्रत्येकाने स्वतःच्या नाकाने स्वतःचेच मनगट हुंगले, त्यामुळे फरक त्वचेचा की नाकाचा हे वेगळे काढताच येत नाही. प्रत्येक नाकाने प्रत्येक मनगट हुंगायला हवे, तेही डोळे बांधून, आणि सोबत कागदाची एक पट्टी ठेवायला हवी, कारण कागदाला त्वचा नसते.

भपका
तराजू यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्याआधी कुपीत काय आहे ते पाहावे लागेल. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजला मी दोन वेळा जाऊन आलो आहे. तिथे तांब्याच्या डेगेत फुले किंवा मसाले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात नेतात. भपका म्हणजे हौदातल्या पाण्यात बसवलेले भांडे. त्यात पूर्वीपासून चंदनाचे तेल असते आणि वाफेबरोबर आलेला सुगंध ते तेल पिऊन घेते. मातीच्या अत्तरासाठी डेगेत फुलांऐवजी भाजलेल्या मातीच्या चकत्या किंवा खापरे घालतात. १९६४ साली 'नेचर'मध्ये ज्या बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिले, त्यांनी त्याच लेखात आपल्याकडच्या या मातीच्या अत्तराची दखल घेतली होती, हे वाचून मला फार समाधान वाटले होते.

चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी भपक्यात द्रव पॅराफिन किंवा तत्सम निर्गंध तेल घालतात. चंदनाचा आधार असेल तर मसाला उडाल्यावरही तळाशी दुधाळ गोडवा उरतो. पॅराफिनचा असेल तर तळाशी काही उरतच नाही. ओवरीताईंच्या मनगटावर दोन तासांत सगळे संपले, पण यजमानांच्या उशीला सकाळपर्यंत वास राहिला, यावरून आधार बरा असावा आणि दोष मनगटाकडे जावा असे मला वाटते.

समईची वात
माझा अनुभव थोडा कडवट आहे. अशाच प्रकारचे हिना आणि मातीचे अत्तर मी हौसेने लावून कार्यालयात गेले होते. घरी आरशासमोर ते मला इतके सुंदर वाटत होते, की मी मानेला आणखी एक बोट लावले. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खिडकी उघडत, खोलीत ओले गोणपाट ठेवले आहे का, असे सर्वांदेखत विचारले. मी काहीच बोलले नाही. त्यानंतर वर्षभर मी ती कुपी कपाटाच्या तळाशी ठेवली होती.

हा धागा वाचताना आठवले, की त्या दिवशी मी आधी सुवासिक लोशन लावले होते आणि वर फवाऱ्याचे दुर्गंधीनाशकही मारले होते. मला मात्र दुपारी स्वतःच्या अंगाला कसलाच वास येत नव्हता. तेव्हा मी त्या बाईंना खोटे ठरवले होते.

तराजू
समईताई, त्या बाई खोट्या नव्हत्या आणि आपणही नव्हता. सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणे नाक काही मिनिटांतच कमी करते, म्हणून लावणाऱ्याला आपले अत्तर संपले असे वाटते आणि बाहेरून आलेल्या माणसाला मात्र पूर्ण जोरात येते. जे कळत नाही ते भरून काढण्यासाठी माणूस आणखी एक बोट लावतो आणि तिथेच घोटाळा होतो. शिवाय लोशनचा फुलांचा वास, दुर्गंधीनाशकातली कृत्रिम कस्तुरी आणि वरून माती, हे तिन्ही एकत्र आले की गोणपाट फार लांब नसते.

टोरांटोचा पावसाळा
मला हवामानाचा मुद्दा जोडावासा वाटतो. मी मूळची रत्नागिरीची आहे आणि आता सोळा वर्षे कॅनडात राहते. आईने दिलेली दवण्याची कुपी दोन्हीकडे वापरून पाहिली आहे. मे महिन्यात रत्नागिरीला घामाने ओलावलेल्या हातावर लावले, की पाच मिनिटांत अख्ख्या माजघरात फळाचा घमघमाट सुटतो आणि मग तो गोडवा अंगावर येऊ लागतो. इथे जानेवारीत हीटर चालू असलेल्या घरात हवा इतकी कोरडी असते, की हातांना भेगा पडतात. त्या हातावर दवणा लावला तर एखाद्या जुन्या लाकडी पेटीसारखा मंद वास येतो, फळाचा मागमूस नसतो. बरे, नाकही कोरडे पडलेले असते, त्यामुळे दोष हाताला द्यावा की नाकाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माणूस तर एकच आहे!

निवृत्त नाक
मी ६४ वर्षांचा आहे. २०२१ साली करोना होऊन गेल्यावर माझी वासाची जाणीव तीन महिने पूर्ण गेली होती आणि परत आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी कापूर आणि लवंग आली, पुष्कळ दिवसांनी माती आली, पण पिकलेल्या फळांचे वास कित्येक महिने जळक्या रबरासारखे येत होते. त्या काळात सौभाग्यवतींनी लावलेल्या मजमुआ अत्तरातला केवड्याचा गोडवा मला नकोसा होई आणि वाळा व माती तेवढी बरी वाटे. मजमुआ चार अत्तरांचे मिश्रण असते, पण माझ्यासाठी ते तेव्हा दोघांचेच उरले होते. त्यांच्या त्वचेत काहीही बदल झाला नव्हता. एवढे एक उदाहरण माझ्यापाशी आहे.

दगडफूल
थोडे अवांतर वाटेल, पण मसाल्याचा जो भाग आहे त्याविषयी लिहिते. हिना शमाम्यात लवंग, जायफळ, जायपत्री आणि वेलदोड्याबरोबर जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि चक्क आपले दगडफूल पडते. गोडा मसाला भाजताना ज्या क्षणी दगडफुलाचा खमंग, किंचित धुरकट वास सुटतो, तो ज्याच्या नाकात लहानपणापासून बसला आहे, त्याला हे अत्तर स्वयंपाकघराचे वाटणार. ज्याच्या घरी दिवाळीला नागरमोथा आणि गव्हला-कचोरा घालून उटणे कुटत असत, त्याला ते नरक चतुर्दशीच्या पहाटेचे वाटणार. माझ्या अमराठी जावेला हेच अत्तर झाडाच्या ओल्या सालीसारखे वाटते, आणि दगडफूल खरोखरच सालीवर आणि खडकांवर वाढते, हे तिला मी नंतर सांगितले.

एक सूचनाही करते. लवंग-दालचिनी असलेली तेले काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, लाली येते, खाज सुटते. एवढ्या माणसांवर प्रयोग करणार असाल तर आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूस ठिपका लावून पाहावा.

ओवरी
सर्वांचे आभार. दगडफूलताईंची सूचना पाळून आणि तराजू यांनी सांगितल्याबरहुकूम रविवारी पुन्हा प्रयोग केला. सकाळपासून कोणी पावडर, खोबरेल किंवा सुवासिक साबण लावला नाही. सासूबाईंनी पावडरीवाचून अर्धा दिवस काढला, ही या प्रयोगातली सर्वांत मोठी देणगी आहे. पाच मनगटे आणि चहाच्या गाळण-कागदाची एक पट्टी, अशा सहा जागांना काडीचा एकेक स्पर्श केला. डोळ्यांवर उपरणे बांधून प्रत्येकाने सहाही जागा हुंगल्या, दर वेळी मध्ये गॅलरीत जाऊन यायचे असे ठरवले आणि शेजारच्या काकूंनी सगळे वहीत लिहून घेतले. एक फेरी वीस मिनिटांनी झाली आणि दुसरी दोन तासांनी.

पहिल्या फेरीचा निकाल वाचून आम्ही थक्क झालो. मुलाला सहापैकी पाच ठिकाणी बीट किंवा चिखल आला, कागदावरसुद्धा. नणंदेला सगळीकडे लवंग आली, कागदावर तर सर्वांत जास्त. सासूबाईंना कोणाच्याही हातावर दवणाच आला; त्यांचे माहेर जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, हे इथे सांगायला हवे. यजमानांना फणस आला, पण तो नणंदेच्या हातावर, आणि स्वतःचा हात त्यांना ओळखता आला नाही. म्हणजे मनगट बदलले तरी वर्णन बदलत नव्हते, आणि हुंगणारा बदलला की लगेच बदलत होते.

दुसऱ्या फेरीत मात्र चित्र उलटे झाले. माझ्या मनगटाला काहीही वास नाही यावर पाचही जणांचे एकमत झाले आणि यजमानांचे मनगट सर्वांत जोरकस आहे यावरही झाले. कागदावर मसाला अजून शाबूत होता.

मग मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका मनगटाला वास नसलेले पेट्रोलियम जेलीचे बोट लावले, दुसरे कोरडे ठेवले आणि दोन्हींवर अत्तर लावून दर पाच मिनिटांनी हुंगत बसले. कोरड्या मनगटावर सहाव्या-सातव्या मिनिटाला जर्दाळू येऊन गेला. तो माझ्या मनगटावर येतच नाही असे मी समजत होते, पण खरे तर पाडव्याच्या दिवशी तेव्हा मी पानसुपारीचे तबक आणायला आत गेले होते. जेलीच्या मनगटावर तो चाळीस मिनिटे राहिला आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत माती होती.

तराजू
फार नेटका प्रयोग केलात. कागद त्वचेपेक्षा थंड असतो, म्हणून लवंग तिथे रेंगाळली, हे जुळते आहे. तरी दोन शंका नोंदवतो. पाच माणसे थोडी आहेत, आणि तीही एका घरातली, म्हणजे रोजच्या जेवणाखाण्यात सारखी आहेत. दुसरे असे, की पाडव्याची वर्णने सर्वांच्या डोक्यात आधीच पक्की बसलेली होती. मुलाला बीट येणार हे मुलालाच ठाऊक होते. पाडव्याच्या वेळी हजर नसलेले एखादे नाक या फेरीत असायला हवे होते.

वाळ्याचा पडदा
माझा पीएच मी मागे घेते, पण बहिणीचा चहापत्तीचा वास इतक्या सहज सोडणार नाही. काल तराजू यांचे ऐकून मी तिचे मनगट स्वतः हुंगले. मला तिथे मनुकाच आल्या, जरा फिक्या, पण मनुकाच. तिने माझे मनगट हुंगले आणि तिला गवत आले. आम्ही दोघी इतकी वर्षे एकमेकींचे हात न हुंगताच वाद घालत होतो!

भपका
तराजू यांना परके नाक हवे असेल तर मी पुण्यात आहे, आणि माझ्याकडे चंदनाच्या आधाराचे व पॅराफिनच्या आधाराचे, अशी मातीच्या अत्तराची दोन्ही उदाहरणे आहेत. तीच मनगटे आणि दोन आधार, असा प्रयोग झाला तर मलाही माझे म्हणणे तपासून घेता येईल.

ओवरी
भपकाजी, अवश्य या. कुपीत आता बोटाच्या पेराएवढेच अत्तर उरले आहे, पण सहा स्पर्शांना ते पुरेल. येत्या रविवारी चार वाजता ठरवू. समईताईंनीही आपली कपाटातली कुपी घेऊन यावे, अशी माझ्या सासूबाईंची खास विनंती आहे. गोणपाट की दवणा, ते त्या स्वतः हुंगून सांगणार आहेत. येताना कोणीही काही लावून येऊ नये, आणि चहा मात्र प्रयोग संपल्यावरच मिळेल, कारण आमच्या चहात वेलदोडा असतो.